जीपचा ब्रेक: बसणं वेगळं, जुळणं वेगळं

अमेरिकन मापाच्या जुन्या ब्रेक नळीवर जो नट असतो तो सहसा तीन सुती, म्हणजे इंचाचे तीन अष्टमांश, आणि त्यावर इंचाला २४ आटे. आजकालच्या गाडीच्या मास्टर सिलिंडरला नळीसाठी जे भोक असतं ते बहुतेक दहा मिलिमीटरचं, आट्याची चाल एक मिलिमीटर. आता पंचाईत अशी की हा नट त्या भोकात जातो. तीन सूत म्हणजे ९.५२५ मिलिमीटर, दहाच्या भोकात जरा सैल, पण जातो. त्याची चाल १.०५८ मिलिमीटर, भोकाची १. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत हा फरक कळतही नाही, मग नट हळूहळू आवळत जातो आणि हाताला वाटतं, बसला. पॅडल हलकंच दाबून पाहिलं तर जोड कोरडा. ज्या दिवशी वळणावर म्हैस आडवी येते आणि ड्रायव्हर जीव खाऊन पॅडल दाबतो, त्या दिवशी नळीतला दाब दर चौरस सेंटिमीटरला साठ-सत्तर किलोपर्यंत चढतो, आणि टोकाटोकाला पकडलेले आटे नेमके तेव्हा सोडतात.

जुन्या गाडीच्या ब्रेकला हात घालणाऱ्यांना म्हणून आधी एवढंच सांगावंसं वाटतं. जो भाग बसतच नाही त्याची भीती बाळगू नका, तो बाकावरच आपली अडचण सांगून मोकळा होतो. घात करतो तो बसलेला पण न जुळलेला भाग.

कोकणातल्या मंडणगडसारख्या तालुक्यात ही नुसती हौशी लोकांची चर्चा नाही. म्हाप्रळला सावित्रीच्या खाडीकाठी रस्ता समुद्रसपाटीला असतो आणि तिथून मंडणगडकडे चढत जातो. पलीकडे बाणकोट, वेळास, केळशीकडे पुन्हा खाली उतरतो. सपाट रस्ता असा फार थोडा. त्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जांभ्याचा लाल चिखल आणि खारा वारा. अशा मुलखात आंब्याच्या पेट्या, सिमेंट, लग्नाचं वऱ्हाड आणि वडापची माणसं वाहिली ती जीपने. त्यातल्या कितीतरी जीपांचं मूळ इंजिन, मूळ गिअरबॉक्स आणि मूळ ब्रेक आज एका गाडीत सापडणार नाहीत. जे मिळालं, जे परवडलं, ते बसवत गाडी चालू ठेवलेली.

अमेरिकेत याच कारागिरीला हॉट रॉड म्हणून मान आहे. जुनी, हलकी, स्वस्त गाडी घ्यायची, तिच्यात दांडगं इंजिन घालायचं आणि कॅलिफोर्नियाच्या कोरड्या सरोवरांच्या तळावर ती पळवायची, हा १९३०च्या दशकातल्या पोरांचा नाद. त्यांची आवडती गाडी १९३२ची फोर्ड, कारण त्या वर्षी फोर्डने स्वस्त गाडीत व्ही-आठ इंजिन दिलं. ब्रेक मात्र सळयांचे. पॅडल दाबलं की सळया ओढल्या जायच्या आणि चाकातले शू उघडायचे. तेलाचे ब्रेक तेव्हा नवे नव्हते. माल्कम लॉकहीडने ते आधीच बनवले होते आणि १९२१च्या ड्यूसेनबर्ग गाडीला चारही चाकांवर होते. पण हेन्री फोर्ड हट्टाला पेटलेला. त्याच्या गाड्यांना तेलाचे ब्रेक आले ते थेट १९३९च्या मॉडेलला. मग पोरं भंगारातून १९३९ नंतरच्या फोर्डचे ब्रेक काढून १९३२च्या आसावर चढवू लागली. कंपनी एकच, त्यामुळे ते जवळजवळ बसत. त्या ‘जवळजवळ’मध्येच सगळी विद्या होती: बेअरिंगमागे एक रिंग, प्लेटच्या भोकात थोडी घासाघीस, आणि मास्टर सिलिंडर कुठे लटकवायचा याची चिंता.

आपल्या जीपचं कूळही त्याच काळातलं. विलिसने दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी जी जीप केली, तिला चारही चाकांवर नऊ इंची ड्रम आणि तेलाचा ब्रेक होता. युद्धानंतर महिंद्राने मुंबईत विलिसच्या जीपा जुळवायला सुरुवात केली. विलिसचं उंच बॉनेटचं सीजे-३बी मॉडेल १९५३चं. अमेरिकेत ते १९६८ला बंद पडलं, आपल्याकडे त्याची वंशावळ पुढे कित्येक दशकं चालली. पुढच्या पिढ्यांवर अकरा इंची ड्रम आले. म्हणून आज नऊ इंची जीप घेऊन बसलेल्या माणसाचा पहिला प्रश्न हमखास तोच असतो: अकरा इंची चढवू, की पुढे डिस्क लावू?

दोन्हींच्या आधी थोडा हिशेब करावा लागतो. हिशेब पास्कलचा, शाळेत शिकलेला. पॅडलवर पायाने २५ किलो जोर दिला आणि पॅडलची तरफ सहापट असली तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १५० किलो पडतात. दट्ट्या एक इंची असेल तर त्याचं क्षेत्रफळ ५.०७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे तेलात दाब साधारण ३० किलो. हाच दाब चारही चाकांत पोचतो. विलिसच्या पुढच्या चाकातला सिलिंडर एक इंची, म्हणून तिथे प्रत्येक दट्ट्या १५० किलोने शूला ढकलतो. मागचा पाऊण इंची, तिथे फक्त ८४ किलो. हे मुद्दाम केलेलं आहे. ब्रेक लागला की गाडीचा भार पुढे झुकतो, मागची चाकं हलकी होतात. त्यांना पुढच्याइतका जोर दिला तर ती आधी जाम होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडीची शेपूट पुढे येते. दुकानात मागचा सिलिंडर नसला म्हणून ‘एक इंचीच घेऊन जा, बसतो’ असं कोणी म्हणालं, तर तो बसतो हे खरंच असतं. गाडी वळणावर फिरते तेव्हा त्या सिलिंडरची आठवण कोणाला होत नाही, दोष पावसाला जातो.

पॅडल जड लागतं म्हणून मास्टर सिलिंडर लहान बसवण्याचा उपायही असाच. एक इंचाऐवजी पाऊण इंची लावला तर त्याच १५० किलोत दाब ३० ऐवजी ५३ होतो. पाय खूश. पण फुकट काहीच मिळत नाही. दट्ट्याचं क्षेत्रफळ घटलं की तेवढंच तेल ढकलायला त्याला १.७८ पट जास्त सरकावं लागतं. पूर्वी पाच सेंटिमीटर खाली जाणारं पॅडल आता नऊ सेंटिमीटर जाईल. शू थोडे झिजले, लाइनर थोडा तापला, की ते पायाखालच्या फळीला टेकतं. घाट उतरताना शेवटच्या दोन वळणांना पॅडल खाली बसतं, अशी तक्रार असेल तर मी तेलाच्या आधी मास्टर सिलिंडरवर छापलेलं माप बघेन.

सगळ्यात फसवी जागा आहे पॅडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामधली छोटी दांडी. पॅडल सोडलेलं असताना दांडी आणि दट्ट्या यांच्यात एक-दोन मिलिमीटर मोकळीक हवी. मास्टर सिलिंडरच्या आत एक सुईएवढं भोक असतं. पॅडल सोडल्यावर तापून फुगलेलं तेल त्यातून टाकीत परत जातं. दांडी जरा लांब झाली तर दट्ट्या पूर्ण मागे येत नाही आणि हे भोक झाकलेलंच राहतं. गाडी सुरुवातीला छान चालते. दोन-चार किलोमीटरवर तेल तापतं, फुगतं, परत जायला वाट नाही, म्हणून शू आपोआप ड्रमला चिकटतात. त्यामुळे आणखी तापतं. शेवटी गाडी ओढेनाशी होते, ड्रमला हात लावला तर चटका. मेकॅनिक चाक खोलतो, लाइनर घासतो, सिलिंडर बदलतो. गाडी तोवर गार झालेली असते, म्हणून सगळं ठीक दिसतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुसऱ्या गाडीचा मास्टर सिलिंडर आणला की ही दांडी बदलावी लागते किंवा तिची लांबी नव्याने लावावी लागते, एवढं लक्षात ठेवलं तर हा सगळा खर्च वाचतो.

आता ड्रमकडे. ड्रम सोडवण्यातच पहिली लढाई असते. जुन्या विलिसच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावला तर ते आणखी घट्ट होतात आणि शेवटी स्टड तुटतो. सीजेच्या मागच्या आसाचं टोक निमुळतं, हब त्यावर चावीने घट्ट बसलेला. त्याला मजबूत पुलर लागतो. पुलर नसेल तर काम त्या दिवशी करू नये. आसाच्या टोकावर हातोडा घालणारे बेअरिंग आणि आटे दोन्ही बिघडवतात.

ड्रम निघाला की त्यात खाच असते, म्हणून तो लेथवर कातला जातो. नऊ इंची ड्रम कातून नऊ इंच दीड मिलिमीटर झाला, तर नव्या शूची गोलाई त्याच्याशी जुळत नाही. शू फक्त मधोमध टेकतो, टोकं हवेत. गाडी थांबते, पण नीट नाही. शू झिजून जुळेपर्यंत काही शे किलोमीटर जातात आणि तोपर्यंत मधला लाइनर भाजलेला असतो. याच्या उलट, शूची गोलाई ड्रमपेक्षा मोठी असेल तर तो दोन टोकांना टेकतो आणि ब्रेक झटक्याने पकडतो. ओळखायला खडू पुरतो: लाइनरवर आडवा खडू ओढायचा, ड्रम चढवून शू हलके टेकवून फिरवायचा, उतरवून खडू कुठे पुसला ते बघायचं. मधला दोन-तृतीयांश भाग पुसला गेला तर चांगलं. पूर्वी शू ड्रमच्या मापाने घासून देणारं यंत्र चांगल्या वर्कशॉपात असे. पण जुन्या लाइनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. लाइनरची पूड कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. तोंडाला रुमाल बांधून हवा मारणारे मी पाहिलेत. रुमालाने ॲस्बेस्टॉस अडत नाही.

शू कोणता पुढे आणि कोणता मागे, इथेही जाणती माणसं चुकतात. विलिसच्या नऊ इंची ब्रेकमध्ये दोन्ही शू खाली आपापल्या खिळीवर अडकलेले असतात, आणि लांब लाइनरचा शू पुढच्या बाजूला येतो. चाक फिरताना पुढचा शू स्वतःहून ड्रममध्ये ओढला जातो, जास्त काम तोच करतो. नंतरच्या काळात सर्व्हो पद्धतीचे ड्रम आले. त्यात दोन्ही शू खाली एकमेकांना जोडलेले, पुढचा शू मागच्याला ढकलतो, म्हणून लांब लाइनरचा मागे. एका पद्धतीत शिकलेल्या माणसाने दुसऱ्या पद्धतीचे शू सवयीने लावले तर सगळं घट्ट बसतं, ड्रम चढतो, चाक फिरतं. फक्त गाडी थांबायला जास्त रस्ता घेते, किंवा एका बाजूला ओढते.

डिस्कचं आकर्षण मी समजू शकतो. पाण्यातून गाडी काढली की ड्रमच्या पोटात पाणी आणि चिखल राहतो, लाइनर भिजला की दोन-तीनदा ब्रेक मारून सुकवावा लागतो. डिस्क उघडी असते, पाणी फेकून देते, गारही लवकर होते. शिवाय जीप आणि मारुती जिप्सी या दोघींच्या चाकाला पाच नट, आणि ते साडेपाच इंचाच्या वर्तुळावर, म्हणजे १३९.७ मिलिमीटर. हे जमलं की लोकांना वाटतं अर्धं काम झालं. खरं तर काम इथून सुरू होतं. मधल्या भोकाचं माप वेगळं, डिस्कची खोली वेगळी, आणि कॅलिपर धरायला ब्रॅकेट बनवावं लागतं. ते ब्रॅकेट जाड प्लेटमधून लेथ-मिलिंगवर कापून बोल्टने बसवावं. गॅस वेल्डिंगने जोडलेला तुकडा तिथे मला मान्य नाही. चाक थांबवणारा सगळा जोर त्या एका तुकड्यावर येतो. मग डायल गेजने डिस्कचा डोल बघायचा. मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा जास्त डोल असेल तर पॅडल पायाखाली थरथरतं.

पुढची चूक हसू येण्यासारखी आहे, पण वारंवार होते. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला तरी तो बसतो. फक्त हवा काढायचा निपल वर असायचा तो खाली येतो. हवा वर जमते, तेल खालून निघतं, आणि दोन माणसं संध्याकाळपर्यंत पंपिंग मारत बसतात. पॅडल काही घट्ट होत नाही.

त्याहून गंभीर गोष्ट जुन्या मास्टर सिलिंडरची. ड्रमसाठी बनवलेल्या मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी एक झडप असते. पॅडल सोडल्यावरही ती नळीत साधारण अर्धा-पाऊण किलो दाब शिल्लक ठेवते. ड्रममध्ये शूला ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा असतात, म्हणून तो दाब त्रास देत नाही, उलट रबरी वाट्या ताणलेल्या राहतात. डिस्कला अशी स्प्रिंग नसते. तोच मास्टर सिलिंडर डिस्कला जोडला तर पॅड सतत घासत राहतात. डिस्कला याच्या साधारण पाचवा हिस्सा दाब पुरतो, आणि तोही का, तर जुन्या जीपचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखालच्या फळीखाली, कॅलिपरच्या पातळीला किंवा त्याहून खाली असतो. गाडी चढावर तोंड करून रात्रभर उभी राहिली की कॅलिपरमधलं तेल उतरून मागे येतं, आणि सकाळचा पहिला ब्रेक पोकळ लागतो. अंगणच उतारावर असणाऱ्या घरांत ही तक्रार जास्त. शिवाय कॅलिपरचा दट्ट्या मोठा. ५४ मिलिमीटरचा दट्ट्या धरला तर क्षेत्रफळ जवळजवळ २३ चौरस सेंटिमीटर. पॅड झिजत गेले की त्याच्यामागे साठणारं तेल जुन्या मास्टरच्या छोट्या टाकीतून पुरत नाही.

बूस्टरची गोष्ट थोडक्यात. बूस्टर इंजिनच्या ओढीवर चालतो, आणि ती ओढ पेट्रोल इंजिनच्या थ्रॉटलमागे तयार होते. डिझेल इंजिनात ती नसते. सीजे-३बीचं मूळ १३४ घन इंचांचं हरिकेन पेट्रोल इंजिन काढून डिझेल घातलेल्या जीपा घाटाघाटांत आहेत. त्यांना बूस्टर लावायचा तर अल्टरनेटरमागे व्हॅक्यूम पंपही हवा. पंपाशिवाय लावलेला बूस्टर म्हणजे बॉनेटखालचा डबा.

तेलाबद्दल मात्र सवडीने बोलायला हवं, कारण कोकणात जास्त ब्रेक तेलामुळे बिघडतात असं माझं मत आहे. डॉट-३ आणि डॉट-४ तेलं हवेतला ओलावा शोषतात. डॉट-३ नवं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट-४ला हेच आकडे २३० आणि १५५. आता दीड टनाची जीप तीनशे मीटर उंचीवरून फक्त ब्रेकवर उतरवली तर जेवढी उष्णता तयार होते तेवढ्यात चौदा लिटर पाणी उकळी येईपर्यंत तापेल. ती सगळी ड्रम आणि लाइनरमधून जाते. जुनं तेल चाकातल्या सिलिंडरपाशी उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, पॅडल फळीला. थोडं थांबलं की पुन्हा सगळं ठीक! म्हणून घाट ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावा, आणि तेल दोन वर्षांनी, शक्यतो पावसाळा संपल्यावर, पूर्ण बदलावं. वाटेत ब्रेक ऑइल संपलं म्हणून इंजिन ऑइल ओतणं तर आत्मघात. ब्रेकच्या रबरी वाट्या खनिज तेलात फुगतात, मऊ होतात, आणि मग एक-दोन भाग बदलून भागत नाही. सगळी रबरं, होस पाइपसकट, काढावी लागतात.

शोषलेलं पाणी सिलिंडरही गंजवतं. आत खड्डे पडले की लोक होनिंग करून करून भोक मोठं करतात, मग नवी रबरी वाटीही गळते. असा सिलिंडर मिळतच नसेल तर लेथवर मोठा करून स्टेनलेस किंवा पितळेची बाही घट्ट बसवावी आणि भोक पुन्हा मूळ मापाला आणावं. पुण्याच्या नाना पेठेत नाही तर कुर्ल्याच्या भंगार बाजारात फिरून आणलेल्या जुन्या सिलिंडरपेक्षा हे मला जास्त भरवशाचं वाटतं. नळ्यांचं म्हणाल तर जुन्या पद्धतीत नळीचं टोक दुहेरी दुमडलेलं, ४५ अंशांचं. नव्यात ते बुडबुड्यासारखं गोल. एकाचं तोंड दुसऱ्याच्या जागेत बसत नाही, आवळून बसवू नये. नळी पोलादाचीच किंवा तांबं-निकेलची. फ्रिजवाल्याची साधी तांब्याची नळी थरथरीने चिरते.

कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठणकावून सांगितलं. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ला व्हिंटेज नोंदणीचे नियम आले, पण त्यांतही मोठे बदल केलेली गाडी चालत नाही, आणि अशा गाडीने रोजचा धंदा करता येत नाही. डिस्क बसवण्याआधी रत्नागिरीच्या आरटीओत विचारावं, नंतर नाही. अपघात झाला तर विमा कंपनी हाच प्रश्न आधी विचारते.

मग अकरा इंची की डिस्क? रोज प्रवासाला आणि मालाला वापरायची जीप असेल तर माझा कौल अकरा इंची ड्रमला, आणि तोही अख्ख्या संचाला: ड्रम, प्लेट, शू, चाकातले सिलिंडर आणि मास्टर, सगळं एकाच मॉडेलचं. त्या कंपनीच्या इंजिनिअरने हिशेब आधीच केलेला असतो. त्यासोबत दोन भागांचा टँडम मास्टर सिलिंडर घ्यावाच. जुन्या जीपला एकच मार्ग असतो; एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो, उरतो तो गिअरबॉक्समागच्या शाफ्टवरचा हॅन्डब्रेक, आणि तो चालत्या गाडीला थांबवण्यासाठी केलेला नाही. अमेरिकेने १९६०च्या दशकाच्या शेवटी दोन स्वतंत्र मार्ग सक्तीचे केले ते याचसाठी. डिस्क लावायचीच असेल तर तीही मास्टर, झडप, कॅलिपर असा पूर्ण संच एका गाडीचा घेऊन, ब्रॅकेट जाणत्या माणसाकडून करून.

काम झाल्यावर हवा काढताना सुरुवात सर्वांत लांबच्या चाकापासून करा. आपल्या उजव्या स्टीअरिंगच्या जीपमध्ये ते मागचं डावं. इंजिन बंद ठेवून पॅडल जोराने दाबून मिनिटभर धरा. ते सावकाश खाली सरकत असेल तर गाडी हलवू नका. मग सपाट मोकळ्या जागी, रिकामी गाडी, हळू वेगात, आणि प्रत्येक फेरीनंतर चारही ड्रमजवळ हात नेऊन कोणता जास्त तापला ते पाहा. माणसं बसवून म्हाप्रळचा उतार धरायचा तो हे सगळं उरकल्यावर, निदान एक दिवस जाऊ देऊन आणि सगळे जोड पुन्हा कोरडे आहेत हे पाहून.